नळावरचा निकाल

मैत्रिणींनो, एक गोष्ट तुम्हीही माझ्याइतकीच जाणता. गावात कुणाचा खून झाला, की त्याचा निकाल कोर्टात लागायला दहा-दहा वर्षं लागतात. पण नळावर, गिरणीत आणि भाजीवालीच्या पाटीभोवती तो त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत लागून जातो. कुणी केला, का केला, कशानं केला, आणि शेवटी "मला तर त्या बाईचं लक्षण आधीपासूनच बरं दिसत नव्हतं" इथवर सगळं पक्कं होतं. साक्षीपुरावा नाही, उलटतपासणी नाही. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत आरोपी फासावरसुद्धा गेलेला असतो!

मी राहते शिळफाट्याला. कल्याण-मुंब्र्याकडचा तो शिळफाटा नव्हे, आमचा खोपोलीचा. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून पेण-पालीकडे जाणारा रस्ता इथे फुटतो. डोक्यावर बोरघाट, मागे कर्जतचा भाग, खाली पेण-पालीची खेडी. फाट्यावर राहणाऱ्यांना वर्तमानपत्राची गरज नसते. एस.टी.तून उतरणारा प्रत्येक जण एक बातमी घेऊन उतरतो आणि विक्रमवाला दुसरी घेऊन पुढे जातो. त्यामुळे या भागात कुठेही काही बरंवाईट घडलं, की आमच्या आळीत ते रात्रीच्या जेवणाआधी येऊन बसलेलं असतं.

ऑगस्ट २०१५ मध्ये अशीच एक बातमी आली, आणि ती चक्क आमच्या रस्त्यावरची निघाली. पेणला जाताना वाटेत गागोदे लागतं. तुम्ही हे नाव शाळेत ऐकलं असेल. विनोबा भाव्यांचा जन्म तिथला, १८९५ सालचा. आईला संस्कृत गीता कळेना म्हणून ज्यांनी पुढे मराठीत 'गीताई' रचली, ते विनोबा. आमच्याकडे शाळेच्या सहली तिथे जात. आणि त्याच गागोद्याचं नाव एका रात्रीत देशभर झालं ते एका आईच्याच नावाबरोबर, पण अगदी उलट्या कारणानं.

शीना बोरा प्रकरण तुम्हाला ठाऊक आहेच. तरी चार ओळींत पुन्हा सांगते, कारण ऐकीव गोष्टींचं इतकं सारवण त्यावर झालं आहे की खालची जमीन दिसेनाशी झाली आहे. शीना पंचविशीतली मुलगी, मुंबईत मेट्रोच्या कंपनीत नोकरीला. एप्रिल २०१२ पासून ती कुणाला दिसली नाही. ती अमेरिकेला गेली असं सांगण्यात आलं. तीन वर्षांनी, २१ ऑगस्ट २०१५ला, श्यामवर राय नावाच्या ड्रायव्हरला पोलिसांनी बेकायदा पिस्तुलाच्या प्रकरणात पकडलं, आणि त्याच्या चौकशीतून हे प्रकरण बाहेर आलं. २५ ऑगस्टला इंद्राणी मुखर्जीला अटक झाली. वाहिन्यांच्या धंद्यातली ही नामांकित बाई शीनाची ओळख लोकांना 'माझी बहीण' अशी करून देत असे. शीना तिची मुलगी होती. पाठोपाठ इंद्राणीचा आधीचा नवरा संजीव खन्ना, आणि नोव्हेंबरात तेव्हाचा नवरा पीटर मुखर्जी यांनाही अटक झाली. तपास करणाऱ्यांचं म्हणणं असं, की २४ एप्रिल २०१२ला मुंबईत गाडीतच शीनाचा गळा आवळला आणि दुसऱ्या दिवशी गागोद्याच्या रानात मृतदेह जाळला. इंद्राणीनं हे सगळं नाकारलं आहे. शीना जिवंत आहे, असंसुद्धा तिनं नंतर सी.बी.आय.ला कळवलं.

बातमी आली त्या दिवसांत आमच्या आळीत स्वयंपाक वेळेवर झाला असेल तर शपथ! टी.व्ही. सकाळपासून लागलेला. एक जण दूध उतू जाऊ देत होती, दुसरी पोळ्या लाटता लाटता बाहेर येत होती. आणि बोलणं कशाबद्दल? तिच्या साड्यांबद्दल. तिच्या कापलेल्या केसांबद्दल. किती नवरे केले, पहिली मुलं कुठे टाकली, मुलीला बहीण म्हणवते ती बाई काय करणार नाही! आमच्या शेजारच्या काकू तर रोज दुपारी चार वाजता एक नवीन शोध लावत. त्यांना एकदा विचारलं, "काकू, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" त्या म्हणाल्या, "सांगायला कशाला हवं? तोंडावरच दिसतंय की."

मलाही ती बाई आवडली नाही, हे कशाला लपवू? पोटच्या पोरीला बहीण म्हणणं माझ्या तरी पचनी पडत नाही. पण मला न आवडणं आणि तिनं खून करणं या दोन गोष्टींमध्ये फार मोठं अंतर आहे, आणि ते अंतर चालून जायचं काम कोर्टाचं आहे. आम्ही सगळ्याजणी ते एका उडीत पार करत होतो.

तेवढ्यात आणखी एक गोष्ट झाली. जी खरी आमच्या भागाची होती, जिच्याबद्दल बोलायचा आम्हाला हक्कच होता, तिच्याबद्दल कुणी बोलेना. २३ मे २०१२ला गागोद्याच्या लोकांना रानात जळका मृतदेह दिसला होता. पोलीस पाटलांनी पोलिसांना कळवलं होतं. पोलीस आले, अवशेषांचे नमुने मुंबईला जे.जे. रुग्णालयात गेले, उरलेलं तिथेच पुरलं गेलं. ठाण्याच्या डायरीत नोंद झाली. आणि मग काही नाही. खुनाचा गुन्हा नोंदलाच गेला नाही. तीन वर्षं एक माणूस मातीखाली होतं आणि ते कोण, बाई की बाप्या, कुठल्या घरचं, हे विचारत कुणी फिरलं नाही. इकडे मुंबईत तिच्याशी लग्न ठरलेला राहुल, पीटरचाच मुलगा, तिला शोधत पोलिसांकडे हेलपाटे घालत होता, असं त्यानं कोर्टात सांगितलं आहे. एका टोकाला हरवलेली मुलगी, दुसऱ्या टोकाला सापडलेला देह. मध्ये दोन-अडीच तासांचा रस्ता. आणि दोन कागद एकमेकांसमोर यायला तीन वर्षं लागली! २८ ऑगस्ट २०१५ला पोलिसांनी पुन्हा खणलं, तेव्हा आमच्या रस्त्यावर टी.व्ही.च्या गाड्यांची रांग लागली.

सांगा बरं, गावकऱ्यांनी आपलं काम चोख केलं होतं की नाही? जे दिसलं ते वेळच्या वेळी सांगितलं. इंद्राणीचे केस कसे होते यावर महिनाभर चर्चा झाली, पण त्या पाटलांचं कौतुक आमच्या नळावर एकीच्याही तोंडून मी ऐकलं नाही.

मागे एकदा पेणच्या एस.टी.त शेजारी बसलेल्या बाई खिडकीबाहेर बोट दाखवून मुलीला म्हणाल्या, "इथंच गं, त्या बाईनं आपल्या मुलीला जाळलं ना." मी विचारलं, "मुलीचं नाव काय होतं हो?" बाई म्हणाल्या, "इंद्राणी." मी म्हटलं, "ते आईचं. मुलीचं?" त्या खूप वेळ आठवत राहिल्या. मग त्यांच्या मुलीनंच सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, बाई एवढं का लावून घेते? त्याचं कारण माझ्या माहेरात आहे. हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं.

माझा धाकटा भाऊ मोटारपंप दुरुस्त करायचा. पंचवीसएक वर्षं झाली असतील. कर्जतच्या बाजूला मुंबईकरांची फार्महाऊसेस नुकती वाढू लागली होती, त्यामुळे त्याला काम भरपूर. एका ठिकाणी तो विहिरीवरचा पंप बसवून आला आणि तिसऱ्या दिवशी त्याच विहिरीत एका बाईचं प्रेत सापडलं. विहिरीत शेवटचा उतरलेला माणूस कोण, तर माझा भाऊ. सकाळी साडेआठला जीप दाराशी आली. आई गच्चीत पोह्याचे पापड वाळत घालत होती. तिनं वरूनच पाहिलं, की तो डबा हातात घेऊन, कामावर निघाल्यासारखा जीपमध्ये बसला. तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आला. डबा तसाच भरलेला. काही बोलला नाही. आईनं पिठलं-भाकरी वाढली, ती त्यानं खाल्ली आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

पोलिसांनी चौकशी केली यात मला गैर वाटत नाही. ज्याचा संबंध येईल त्याला विचारायलाच हवं, नाहीतर खुनी सापडायचा कसा? पुन्हा एकदा त्याला बोलावलं आणि मग ते थांबलं. दीड-दोन महिन्यांनी दुसऱ्याच जिल्ह्यातून एक माणूस पकडला गेला. तो त्या बाईचा नात्यातला निघाला. खटला उभा राहिला. माझ्या भावाचं नाव त्यात आलं ते साक्षीदार म्हणून. पंप कधी बसवला, पाणी किती होतं, एवढंच सांगायला तो कोर्टात गेला.

पण आळीचा निकाल पहिल्या सकाळीच लागला होता, जीप वळायच्या आत. समोरच्या वहिनींनी विरजण मागायला येणं बंद केलं. रोज सकाळी वाटी घेऊन येणारी बाई, एकाएकी तिला आमचं विरजण चालेना. दुकानात आई गेली की बोलणं थांबायचं. कुणी तोंडावर काही म्हणालं नाही. म्हणालं असतं तर बरं, उत्तर तरी देता आलं असतं. मागून कानावर यायचं ते एकच, "विस्तवाशिवाय धूर निघतो का?" आणि खरा माणूस पकडला गेल्यावर काय म्हणाले असतील? "चूक झाली"? छे! म्हणाले, "सुटला बाई कसातरी. ओळख असेल वर कुणाची."

त्या वर्षीच्या संक्रांतीला आईनं हळदीकुंकू केलं. बाबा नको म्हणत होते. ती म्हणाली, दरवर्षी करते, यंदा का नको? बावीस बायकांना आमंत्रण, आणि वाण म्हणून चहाची गाळणी आणलेली, चांगली स्टीलची. पाचजणी आल्या. त्या पाचजणींची नावं आईनं शेवटपर्यंत लक्षात ठेवली होती. सतराजणींबद्दल ती कधी अवाक्षर बोलली नाही. उरलेली सतरा गाळणी आमच्या घरात वर्षानुवर्षं पुरली. माझ्या लग्नात त्यातली तीन माझ्याबरोबर इकडे आली, एक अजून आहे.

भावाची स्थळं येत आणि परत जात. पत्रिका जुळायची, मुलगी पसंत पडायची आणि मग कुणीतरी कुणाला तरी काहीतरी सांगायचं. शेवटी चौतिसाव्या वर्षी लांबची, आमच्याकडचं कुणी ज्यांच्या ओळखीचं नाही अशा घरची मुलगी मिळाली. संसार छान झाला त्याचा. पण विहिरीत उतरायचं काम त्यानं पुन्हा घेतलं नाही.

त्या विहिरीतल्या बाईचं नाव आज आमच्या आळीत कुणाला आठवत नाही. मला आठवतं. इथे लिहीत नाही, तिची मुलं असतील कुठेतरी.

म्हणून कुणाला पोलिसांनी नेलं असं कानावर आलं, की मी आधी एवढंच विचारते: नेलं म्हणजे काय केलं? कारण आपण बोलताना सगळ्याला एकच शब्द वापरतो, 'पकडलं'. पण त्यात चार-पाच पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीचा अर्थ वेगळा. नुसतं चौकशीला बोलावणं म्हणजे काहीच नाही. माझ्या भावाला बोलावलं तसं उद्या तुमच्या यजमानांना बोलावतील. अटक झाली म्हणजे पोलिसांना संशयाला जागा वाटली. मग चोवीस तासांच्या आत त्या माणसाला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. खुनासारख्या गुन्ह्यात नव्वद दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही तर आरोपीला जामीन मागायचा हक्कच मिळतो. दोषारोपपत्र म्हणजे पोलिसांची बाजू, कागदावर लिहिलेली. ते पाहून कोर्ट आरोप निश्चित करतं, म्हणजे 'या या गोष्टी सिद्ध करून दाखवा' असं सरकारी पक्षाला सांगतं. शीनाच्या प्रकरणात हे जानेवारी २०१७ मध्ये झालं. खून, कट, अपहरण, पुरावा नष्ट करणं असे आरोप तिघांवर ठेवले गेले. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे म्हणत होते, "कोर्टानं तिला दोषी ठरवलं!" अहो, तिथून तर खटला सुरू झाला.

आणि 'त्यानं कबूल केलं' हे तर फारच जपून ऐकावं. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. त्या कबुलीवरून एखादी वस्तू किंवा जागा सापडली, तर तेवढ्यापुरती गोष्ट निराळी. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे होतं आणि १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला त्यातही ते राखलं आहे. दीडशे वर्षं एखादी तरतूद टिकते ती उगीच नाही. चार भिंतींच्या आत माणूस काय काय कबूल करील, ते करवून घेणाऱ्यालाच ठाऊक. श्यामवर राय पुढे माफीचा साक्षीदार झाला, त्याची साक्ष कोर्टात झाली, त्याची उलटतपासणी आरोपींच्या वकिलांनी केली. तिचं वजन किती, ते न्यायाधीश ठरवतील. टी.व्ही.वर ऐकलेलं ते हे नव्हे.

बायकांच्या बाबतीत तर एक वेगळाच पुरावा आपण मागतो: ती रडली का? नोएडाच्या आरुषी तलवारचं आठवतं? २००८ साली तेरा वर्षांची पोर घरात मारली गेली. तिच्या आईनं मुलाखत दिली, तेव्हा आमच्याकडे एकच चर्चा, हिच्या डोळ्यांत टिपूस नाही! आई-वडिलांना २०१३ मध्ये जन्मठेप झाली आणि सगळ्या म्हणाल्या, बघा, आम्ही म्हणत होतो. १२ ऑक्टोबर २०१७ला अलाहाबाद उच्च न्यायालयानं दोघांना निर्दोष सोडलं. पोर गेली ती गेलीच, वर चार वर्षं तुरुंग. माझी आजेसासू मुलगा गेला तेव्हा रडली नव्हती. सगळ्यांची जेवणं झाली का विचारत होती. माणसं दुःख कसं करतात याचं काही माप आहे का?

२०२० साली त्या नटाच्या मृत्यूनंतर त्याच्या मैत्रिणीला काय काय म्हटलं गेलं तेही तुम्ही ऐकलंत. चेटकीण म्हणायचंच तेवढं बाकी होतं, तेही म्हणून झालं. खून झाला खून झाला म्हणून वाहिन्यांनी आकाश डोक्यावर घेतलं. मार्च २०२५ मध्ये सी.बी.आय.नं तपास बंद करण्याचा अहवाल दिला, त्यात खुनाचं नावही निघालं नाही. मधल्या काळात मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२१ मध्ये वाहिन्यांना चांगलंच सुनावलं होतं, की तपास चालू असताना असे समांतर खटले चालवणं म्हणजे न्यायाच्या कामात अडथळा आणणं आहे. वाहिन्यांना सुनावता येतं. आपल्याला कोण सुनावणार?

बरं, ही खोड आजची नाही. १९५९ मध्ये नौदलातल्या नानावटींनी बायकोच्या मित्राला गोळी घातली तेव्हा माझ्या सासूबाई लहान होत्या. तेव्हा ज्यूरी असे. वर्तमानपत्रांनी नानावटींना नायकच करून टाकलं होतं, मुंबईतल्या बायका कोर्टाबाहेर गर्दी करत, असं त्या सांगत. ज्यूरीतल्या नऊपैकी आठ जणांनी त्यांना निर्दोष म्हटलं. उच्च न्यायालयानं ते उलटवलं, सर्वोच्च न्यायालयानं १९६१ मध्ये जन्मठेप कायम केली. म्हणजे नळावरचा निकाल फाशीचाच असतो असं नाही; कधी कधी आपण खुन्याला हारही घालतो, दिसायला रुबाबदार असला तर.

यावर तुम्ही म्हणाल, मग काय सगळे संशयित निष्पाप? मुळीच नाही. पुण्यात जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा खून झाले. जोशी-अभ्यंकर प्रकरण म्हणून तुम्ही ते ऐकलं असेल. माझी मावशी तेव्हा पुण्याला होती. दिवेलागणीनंतर पुण्यातली दारं उघडत नव्हती. कडी दोनदा पाहून, पलंग दाराला लावून लोक झोपत. शेवटी कोण निघाले, तर शिकणारी पोरं, चांगल्या कॉलेजातली, ज्यांच्याबद्दल आळीत कुणाला शंका नव्हती. २७ नोव्हेंबर १९८३ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. मावशी सांगते, त्या वर्षभरात लोकांनी ज्यांच्या ज्यांच्यावर संशय घेतला त्यांची यादी केली असती तर निम्मं पेठेचं पेठ त्यात आलं असतं. आणि खरे चौघे मात्र नसते.

आपण इतकं का बोलतो, तेही मला कळतं. भीती वाटते म्हणून. दुपारी घरात एकट्या असतो, दार वाजलं की छातीत धस्स होतं. अशा वेळी "अमक्यानं केलं, तो आत आहे" असं कुणी सांगितलं की बरं वाटतं, झोप लागते. आणि "ती बाईच तसली होती" असं म्हटलं, की आपल्या घरी असं होणार नाही याची जणू खात्रीच होते. कारण आपण तसल्या नाही ना!

बोलूच नका असं मी म्हणत नाही. गप्प बसण्याचा तोटा तर गागोद्याच्या त्या तीन वर्षांनी दाखवलाच आहे. फक्त तिथे गप्प बसले ते गावकरी नव्हेत. तुम्ही काही पाहिलं असेल, अनोळखी गाडी, रात्रीचा आवाज, शेजारणीच्या अंगावरचे वळ, तर ते सांगा, आणि सांगायच्या जागी सांगा. वेळ, दिवस, जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच. मनानं जोडलेलं त्यात मिसळू नका. भाजीत खडा गेला की सगळी भाजी टाकावी लागते, तसं साक्षीचं होतं.

आणि उद्या तुमच्याच दाराशी कुणी चौकशीला आलं तर घाबरून जाऊ नका. दोन-तीन गोष्टी प्रत्येकीला ठाऊक असाव्यात म्हणून सांगते. साक्षीसाठी, माहितीसाठी बाईला पोलीस ठाण्यात यायला लावता येत नाही. तिचं म्हणणं तिच्या राहत्या घरी येऊन घ्यायचं असतं. हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होतं आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बाईला अटक करता येत नाही. अगदी अपवाद म्हणून करायची झाली तर महिला पोलीस अधिकारी हवी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी हवी. घरातल्या कुणाला अटक झाली तर ती कशासाठी, हे त्याला सांगावं लागतं, आणि तो कुठे आहे हे घरच्यांना कळवावं लागतं. वकील करायची ऐपत नसेल तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, ती फुकट वकील देते. बायकांना तर उत्पन्नाची अटसुद्धा नाही. माझ्या आईला यातलं काही माहीत नव्हतं. ती ते दोन दिवस देवापुढे निरांजन विझू न देता बसून होती.

शीनाच्या खटल्याचं पुढे काय झालं म्हणाल, तर तो २०२५ सालीही चालूच होता. पीटर मुखर्जी मार्च २०२० मध्ये जामिनावर बाहेर आले, इंद्राणीला मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जामीन दिला. तोवर तिची साडेसहा वर्षांहून जास्त तुरुंगात गेली होती. २०२४ मध्ये तिच्यावर एक मालिका निघाली, ती आमच्या काकूंनी एका बसणीत पाहिली. त्याच वर्षी सरकारी पक्षानं कोर्टाला सांगितलं, की गागोद्याहून नेलेली हाडं सापडत नाहीत. मग ती जुलैत सापडली, सी.बी.आय.च्या दिल्लीच्या कचेरीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं इंद्राणीची परदेशी जाण्याची विनंती फेटाळली आणि खटला वर्षभरात संपवा म्हणून खालच्या कोर्टाला सांगितलं.

काकूंना मी हे हाडांचं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. हात थांबवून म्हणाल्या, "म्हणजे त्या पोरीचे दिवस कुणी घातलेच नाहीत का गं अजून?" मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "नाव काय म्हणालीस तिचं?"

मी सांगितलं, शीना.